वाट कोणी कोणाला द्यावी?



गेल्या माघातली गोष्ट. शहरातल्या एका जुन्या पेठेत आमचे कीर्तन होते. मंडळींनी आमच्यासाठी मोटार पाठविली होती. निघायला उशीर झाला, आणि तो आमच्यामुळेच झाला. पेठेच्या तोंडाशी गल्ली अरुंद. दोन्ही अंगांना दुचाक्यांच्या रांगा, त्यांना लागून उभ्या केलेल्या मोटारी, आणि मध्ये जेमतेम एक गाडी निघेल एवढी फट. त्या फटीतून एक म्हातारी चालली होती. एका हातात काठी, दुसऱ्या हातात भाजीची पिशवी, गळ्यात तुळशीची माळ. आमच्या चालकाने हॉर्न वाजविला. ती दचकली. बाजूला व्हायला जागा होती कोठे? दोन स्कूटरींच्या मध्ये अंग चोरून कशीबशी उभी राहिली. पिशवीतले दोन कांदे घरंगळले. गाडीची काच खाली होती, म्हणून तिचे शब्द कानी आले. "जा बाबा, तुमचीच घाई मोठी."

आम्ही काही बोललो नाही. चालकाला "थांब" असेही म्हटले नाही. वीस मिनिटांनी बुक्का लावून, वीणेकऱ्याला नमस्कार करून आम्ही उभे राहिलो आणि भूतमात्री देव कसा पाहावा यावर दीड तास निरूपण केले. लोक म्हणाले, महाराज, आज कीर्तन रंगले. ते किती रंगले हे आमचे आम्हाला ठाऊक.

त्या रात्रीपासून एक प्रश्न आमची पाठ सोडीत नाही. रस्त्यावर दोघे समोरासमोर आले असता वाट कोणी कोणाला द्यावी? एक पायी आहे आणि एक वाहनात आहे. कोणाचा हक्क आधी? हा प्रश्न पोलीसखात्याचा आहे, नगरपालिकेचा आहे, असे कोणी म्हणेल. तो त्यांचा आहेच. परंतु मुळात तो धर्माचा आहे. एका जिवाने दुसऱ्या जिवाशी कसे वागावे, हाच त्याचा गाभा आहे. म्हणून आज त्याचा विचार करू.

आमचे शिक्षण जुन्या पाठशाळेत झाले. तेव्हा सवयीप्रमाणे प्रथम शास्त्र काय म्हणते ते पाहिले, आणि खरे सांगायचे तर पाहताच थोडे खट्टू झालो. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात कोणाला वाट द्यावी याची यादी आहे. त्यात पहिलेच नाव कोणाचे? वाहनात बसलेल्याचे! त्याच्यामागून नव्वदी ओलांडलेला वृद्ध, रोगी, ओझे वाहणारा, स्त्री, मग स्नातक, राजा आणि नवरदेव. आपस्तंबाच्या धर्मसूत्रातही वाहन, भारवाहक, आजारी आणि स्त्री यांना इतरांनी वाट द्यावी असे आहे. झाले! पूर्वपक्षाला आणखी काय हवे? तो म्हणेल, "महाराज, शास्त्रानेच मोटारीला पुढचा मान दिला आहे. म्हातारीने बाजूला व्हायलाच हवे होते."

पण वचन वाचून थांबणे म्हणजे अर्थ लावणे नव्हे. त्या यादीत दोन तऱ्हेची माणसे आहेत. राजा, स्नातक, नवरदेव यांना वाट द्यायची ती मानासाठी. वृद्ध, रोगी, भारवाहक यांना द्यायची ती त्यांच्या अडचणीसाठी. आता वाहनवाला यांपैकी कोणत्या गटातला? जुन्या काळचा रथ किंवा गाडा डोळ्यांसमोर आणा. बैल जुंपलेले, चाक चाकोरीत रुतलेले, बाजूला चिखल. त्याला वळविणे कठीण, थांबविणे कठीण, आणि थांबला तर पुन्हा हलविणे त्याहून कठीण. पायी माणूस मात्र दोन पावले सरकला की काम झाले. म्हणून वाहनवाला बसला तो अडचण असणाऱ्यांच्या पंगतीत. निदान आम्हाला तरी त्या यादीची संगती अशीच लागते. ज्याला बाजूला होणे सोपे, त्याने ज्याला ते अवघड त्याला वाट द्यावी.

हे तत्त्व धरून आजच्या गल्लीत या. मोटार थांबवायला काय लागते? चालकाने पायाचा तळवा दाबायचा. पुन्हा निघायला काय लागते? दुसरा तळवाही लागत नाही. तोच उचलून शेजारी ठेवायचा. आणि म्हातारीला बाजूला व्हायला? गुडघे, काठी, पिशवी, आणि मुळात नसलेली जागा. म्हणजे ज्या कारणाने त्या काळी रथाला वाट मिळाली, त्याच कारणाने आज ती म्हातारीला मिळाली पाहिजे. काळ बदलला तशा जागा उलटल्या, तत्त्व तेच राहिले.

आपस्तंबाने आणखी एक मौजेची गोष्ट सांगून ठेवली आहे. असंस्कृत, पतित, दारू प्यालेला आणि वेडा यांना सर्वांनीच वाट द्यावी, ती मानासाठी नव्हे तर स्वतःच्या कुशलासाठी! आज शहरातला पायी माणूस मोटारीला जी वाट देतो ती कोणत्या सूत्राने देतो, हे ज्याचे त्याने ठरवावे. आम्हाला वाटते, तो ती याच सूत्राने देतो. आणि त्या दिवशी त्या वेड्याच्या गाडीत मागच्या बाकावर आम्ही बसलो होतो.

राहता राहिला मानाचा गट. जुन्या ग्रंथांत वाटेच्या मानात वर्णाचा मानही मिसळला आहे, हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. संतांनी तो मान चंद्रभागेच्या वाळवंटात मोडला. तेथे जो तो दुसऱ्याच्या पायी लागतो. रस्ता सर्वांचा, हे तत्त्व आपल्या देशात भांडून मिळवावे लागले आहे. केरळात वैकम येथे १९२४ साली जो सत्याग्रह सुरू झाला तो देवळात शिरण्यासाठी नव्हता. देवळाभोवतीच्या रस्त्यांवरून साध्या माणसांना चालता यावे म्हणून होता. इतक्या कष्टाने जन्माचा मान रस्त्यावरून उतरविला. आता त्याच जागी गाडीचा मान बसवायचा काय? मोठी गाडी दिसली की लहान गाडी सरकते, लहान गाडी दिसली की सायकल सरकते, आणि सर्वांच्या शेवटी पायी माणूस गटाराच्या कडेने चालतो. याला उतरंड नाही तर दुसरे काय म्हणायचे?

हा केवळ मानापमानाचा प्रश्न असता तर आम्ही एवढी शाई खर्चिली नसती. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली आपल्या देशात रस्त्यावरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांत ३२,८२५ पायी चालणारी होती. वर्षाच्या दिवसांनी भागा. रोजची सुमारे नव्वद होतात. नव्वद माणसे म्हणजे एक बऱ्यापैकी दिंडी. रोज एक दिंडी घरून निघते आणि परत येत नाही! एखाद्या रोगाने असे झाले असते तर आपण गावोगाव नवस बोललो असतो. येथे मात्र "अपघात" हा शब्द उच्चारला की सर्वांचे समाधान होते. धडकेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला की आघात चौपट. ताशी ३० किलोमीटरने धक्का बसला तर माणूस बहुधा वाचतो, ५० च्या पुढे वाचण्याची आशा झपाट्याने कमी होते. म्हणजे वस्तीतून गाडी किती वेगाने न्यावी हा प्रश्न यंत्राचा नसून अहिंसेचा आहे.

आता जागेचा हिशेब पाहू. एक मोटार उभी करायला अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा धरतात. फुटांत मांडली तर ती सुमारे १३५ चौरस फूट भरते. आमची आत्या गिरणगावात ज्या चाळीत राहिली तिथली खोली दहा बाय बाराची, म्हणजे १२० चौरस फुटांची. तीत सात माणसे, एक देव्हारा आणि एक शिवणाचे यंत्र होते. तेव्हा आपण एका रिकाम्या मोटारीला सार्वजनिक रस्त्यावर एका संसाराहून मोठी जागा देतो, तीही बहुधा फुकट, आणि ती मोटार दिवसाचे बहुतेक तास नुसती उभी असते. कोणी म्हातारा त्याच जागी खुर्ची टाकून दिवसभर बसला तर त्याला आपण अडथळा म्हणू.

या जागेत पूर्वी काय होते, ते आमच्या वयाच्या वाचकांना सांगायला नको. आमचे बालपण पुण्याच्या पेठेत गेले, सायकलींचे शहर म्हणून पुणे ओळखले जाई त्या दिवसांत. गल्ली म्हणजे घराची पुढची खोलीच होती. विटीदांडू तेथे, भांडण तेथे, समेटही तेथे. उन्हाळ्यात बायका ओट्यावर बसून गहू निवडीत आणि कोणाचे पोर कोणत्या दिशेला धावले यावर साऱ्या गल्लीची नजर असे. चौकात फळ्या टाकून कीर्तन होई. आम्ही पहिले निरूपण ऐकले ते देवळात नव्हे, चौकात, थोरल्या भावाच्या मांडीवर बसून. आज त्याच चौकात आमचे कीर्तन ठेवायचे म्हटले तर आधी चाळीस दुचाक्या कोठे न्यायच्या हा प्रश्न येतो. म्हणून कीर्तन सभागृहात गेले. सभागृहात येतो तो ठरवून येतो. जाता जाता दोन शब्द कानी पडून जो उभा राहतो आणि मग तेथेच बसतो, तो श्रोता आम्ही गमावला. संप्रदाय वाढला तो अशाच वाटसरू श्रोत्यांवर.

येथे कोणी म्हणेल, "महाराज, शहर मोठे झाले. आता रस्ता माणसांना परत देणे शक्य नाही." शक्य नाही? दर वर्षी ज्येष्ठ वद्यात आपण ते करून दाखवितो. माउलींची पालखी भवानी पेठेत आणि तुकोबांची नाना पेठेत उतरते, तेव्हा पुण्याच्या भर वस्तीतले रस्ते गाड्यांना बंद होतात. त्या दोन दिवसांत शहर बुडते काय? उलट लोक घराबाहेर येतात, ओट्यावर चहा ठेवतात, अनोळखी माणसाचे पाय चेपतात. आणि एवढ्या गर्दीत रुग्णवाहिका आली तर काय होते हे तुम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. माणसे दुभंगतात, वाट होते, गाडी जाते, माणसे पुन्हा मिळतात. हेच एरवीच्या दिवशी मोटारींच्या रांगेत घडू दे पाहू! तेथे रुग्णवाहिका आक्रोश करीत उभी असते आणि पुढच्याला सरकायचे असले तरी सरकता येत नाही. माणसांची गर्दी वाट देऊ शकते. यंत्रांची गर्दी देऊ शकत नाही.

तथापि यातच आपली एक उणीव उघडी पडते. ज्या पायांवर आपण ज्येष्ठात डोके ठेवतो, त्याच पायांमागे आपण कार्तिकात हॉर्न वाजवितो. पालखीबरोबर चालणारी म्हातारी माउली, आणि भाजी घेऊन चालणारी म्हातारी अडगळ! पाय तेच, माळ तीच. मग आपण नमस्कार केला तो कोणाला, पायांना की उत्सवाला?

ज्यांनी हे दोन दिवसांचे वागणे बाराही महिने चालवून दाखविले त्यांचे एक उदाहरण सांगतो. स्पेन देशाच्या वायव्य कोपऱ्यात पोन्तेवेद्रा नावाचे गाव आहे. वस्ती सुमारे ऐंशी हजारांची. येशूचे शिष्य संत याकोब यांच्या समाधिस्थानी, सान्तियागोला, पायी जाणाऱ्या यात्रेकरूंची एक वाट पोर्तुगालकडून येते ती या गावातून जाते. म्हणजे तेही एका वारीच्या वाटेवरचे गाव. तेथे यात्रेकरू मातेचे देऊळ आहे आणि त्याचा पाया यात्रेकरूंच्या शिंपल्याच्या आकाराचा आहे. असे हे गाव विसाव्या शतकाच्या अखेरीस मोटारींनी गुदमरून गेले होते. १९९९ साली मिगेल आंशो फेर्नान्देस लोरेस हे नगराध्यक्ष झाले. पेशाने डॉक्टर. त्यांनी म्हटले, गाडी विकत घेतली म्हणून सार्वजनिक जागा विकत घेतली असे होत नाही. जुन्या गावातले रस्ते त्यांनी पायी माणसांना दिले. गाड्या ठेवायला गावाच्या कडेला फुकट जागा केल्या. मालाची गाडी ठराविक वेळी येते, रुग्णवाहिका केव्हाही येते, ज्याला चालता येत नाही त्याचीही गाडी येते. पण ती पाहुण्यासारखी येते, माणसाच्या पावलाने. गावाने एक नकाशा छापला. त्यात या चौकापासून त्या चौकापर्यंत पायी किती मिनिटे लागतात एवढेच दाखविले आहे, आपण मुक्कामांची अंतरे लिहून ठेवतो तसे. त्या गावात १९९६ ते २००६ या काळात रस्त्यावर तीस माणसे दगावली होती. पुढच्या दहा वर्षांत तीन. लोकांनी त्याच गृहस्थांना पुन्हा पुन्हा निवडून दिले, यावरून काय ते समजावे.

आपल्याकडेही काही हालचाल आहे, ती सांगितलीच पाहिजे. पुणे महानगरपालिकेने २०१६ साली पादचाऱ्यांविषयी धोरण मंजूर केले, आणि ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्त्याचा काही भाग एक दिवस गाड्यांना बंद ठेवून "पादचारी दिन" पाळला. दिल्लीत चांदणी चौकाचा मुख्य रस्ता २०२१ साली नव्याने बांधून दिवसा मोटारींना बंद केला. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, निर्वेध पदपथ वापरण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सांगितले. कायदा एवढे बोलला. पुढचे काम आपल्या वागण्याचे आहे.

आता आक्षेप. पहिला असा की गरीब माणसाने पोटाला चिमटा घेऊन स्कूटर घेतली, त्याला तुम्ही दोष देता काय? नाही. ज्या गावात बस वेळेवर येत नाही तेथे स्कूटर हे व्यसन नाही, लाचारी आहे. आधी बस द्या, चालायला सावली द्या, मग त्याग मागा. दुसरा आक्षेप व्यापाऱ्यांचा, की गाडी आली नाही तर गिऱ्हाईक येणार नाही. लक्ष्मी रस्त्यावर दिवाळीच्या आदल्या आठवड्यात जे गिऱ्हाईक मुंगीच्या पावलाने दुकानात शिरते ते कशावर बसून येते? दोन पायांवरच. तिसरा आक्षेप आमच्या गुडघ्यांचा. म्हातारपणी वाहन लागते. खरे आहे. म्हणून वाहन नको असे आम्ही म्हणत नाही. वाहनाने मालकपण सोडून पाहुणेपण घ्यावे, एवढेच म्हणतो.

आणि चौथा आक्षेप आमचा आम्हीच घेतो. फुटपाथ अडविला कोणी? मोटारींनी, हे खरे. पण आमच्या मंडपांनीही. चार विटा रचून उभ्या केलेल्या देवळांनीही. वारीत दिंडीमागे येणाऱ्या ट्रक-टेम्पोंच्या रांगांनीही. देवाच्या नावाने वाट अडविली म्हणून अडलेल्याचे कष्ट पुण्यात जमा होत नाहीत. भाजीवाली मात्र निराळी. ती वाटेवर बसते ती वाट जागती ठेवते; तिला हक्काची जागा द्यावी असा २०१४ चा कायदाही आहे. तिला हाकलून तेथे मोटार उभी करणे याला आम्ही रस्ता मोकळा करणे म्हणणार नाही.

मग सिद्धांत काय? रस्ता कोणा एकाचा नाही. परंतु रस्त्याचे माप सर्वांत हळू चालणाऱ्याच्या पावलाने घ्यावे. आमची दिंडी तेच करते. विणेकरी कितीही तरुण असला तरी म्हातारी मागे पडेल एवढा वेग धरीत नाही. जी गल्ली म्हाताऱ्याला, पोराला आणि ओझेवाल्याला निर्भयपणे ओलांडता येते ती सर्वांनाच येते. जी फक्त मोटारीला सोयीची, ती शेवटी मोटारीलाही सोयीची राहत नाही, हे रोज संध्याकाळी अनुभवास येतेच.

हे लिहून आम्ही सुटलो असे नाही. माघानंतर आम्ही दोन नियम केले आहेत. घरून अर्धा तास आधी निघायचे, आणि मोटार पेठेच्या तोंडाशी सोडून पुढे पायी जायचे. पहिल्या दिवशी मंडळी ओशाळली. म्हणाली, महाराज, दारापर्यंत आणतो की. आम्ही म्हटले, देवाच्या दारी चालत जावे असे आम्हीच तुम्हाला सांगतो ना? गुडघे कुरकुरतात खरे. पण चालताना लोक ओळख देतात, "आज कोठे?" विचारतात, आणि त्यांतले दोघे-तिघे आमच्यामागून चालत कीर्तनाला येऊन बसतात.

ती म्हातारी मात्र पुन्हा दिसली नाही. दिसली तर वाट देऊ, आणि पिशवी हाती घेऊ. तोवर जी समोर येईल ती तीच, असे समजून चालायचे.

रामकृष्णहरि.